कासऱ्याच्या तीन गाठी

"पोट आत घे," तात्या म्हणाला आणि कासरा माझ्या कमरेला आवळून त्यानं गाठ मारली.

कासऱ्याचं दुसरं टोक गोलच्या खांबाला. मधे मोजून दहा पावलं दोरी. सकाळचे सहा वाजले असतील. थंडीचे दिवस, तोंडातनं वाफ निघत होती. मैदानाच्या कडेनं बाळू गवळी म्हशी घेऊन चालला होता. तो थांबला आणि तिथनंच म्हणाला, "तात्या, ही म्हस नवी दिसतीय. लई उड्या मारती वाटतं, बांधून घातलीय ते."

मी खाली वाकून दगड उचलला.

"दगड टाक," तात्या म्हणाला. "बॉल येतोय."

आला पण. आमच्या तालमीतली दोन मोठी पोरं पास देत देत माझ्यावर आली. मी दगड टाकून बॉलवर झेप घेतली आणि अकराव्या पावलाला कासऱ्यानं असा हिसका दिला की मी सरळ पाठीवर. बाळू गवळी हसत हसत गेला. त्याची एक म्हस मान वळवून माझ्याकडं बघत होती, ते अजून डोळ्यासमोर आहे.

ह्याला आता पाच वर्षं झाली. मी तेव्हा चौदाचा होतो, आणि शाळा सोडून चारच महिने झाले होते. सोडली म्हणजे काय, भूमितीच्या सरांनी मला डस्टर फेकून मारला, मी तो परत फेकला. माझा नेम त्यांच्यापेक्षा चांगला निघाला. दुसऱ्या दिवसापासून उद्यमनगरात मामाच्या लेथवर. दिवसभर लोखंडाचा कीस उडायचा आणि मामाचं तोंड चालायचं. सकाळचे दोन तास तेवढे माझे, आणि त्या दोन तासांत मी खांबाला बांधलेला.

तात्या म्हणजे हिंदूराव सरनाईक. कोल्हापुरात फुटबॉल बघणाऱ्या कुणालाही विचारा. बुरूजवाडा तालमीच्या टीमकडनं अठरा सीझन बॅक खेळला, गोलपुढं एकाच जागेवर, येणाऱ्याला अडवत. सुरुवातीची चार वर्षं अनवाणी, मग चांभाराकडनं शिवून घेतलेले बूट. नाक दोनदा मोडलेलं, उजवा गुडघा कायमचा गेलेला. म्हातारी माणसं सांगायची, एकदा हेड मारताना दुसऱ्याच्या डोक्यावर डोकं आपटलं, शुद्ध गेली, तरी गडी पडला नाही, जागेवर उभाच. आणि ह्या अठरा सीझनमध्ये त्यानं गोल किती मारले? एकही नाही. हे पण म्हातारी माणसंच सांगायची, हसत.

खेळणं संपल्यावर तो आमच्या टीमचा मॅनेजर झाला. नऊ वर्षं. दोन कप आणले. मग एका फायनलला आमचा एक गोल झाल्यावर त्यानं दहाच्या दहा पोरं मागं उभी केली, शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्यांनी दोन मारले, आणि संध्याकाळी आपल्याच पेठेतल्या पोरांनी तात्याच्या घराच्या कौलांवर दगड टाकले. कौलं त्यानं स्वतः चढून बदलली. वर्षभर तालमीची पायरी चढला नाही. नंतर मुंबईतल्या एका कंपनीच्या साहेबानं त्याला बोलावलं. हा साहेब कधीकाळी तात्याच्या समोर फॉरवर्ड खेळून वैतागलेला होता. तो म्हणाला, आम्हाला दरसाल कोल्हापुरातनं एक बॅक हेरून द्या. तेव्हापासून तात्या दर सीझनला एक पोस्टकार्ड पाठवायचा. वर नाव, खाली एक ओळ. बास. तेवढ्यावर पोराला कंपनीत नोकरी, राहायला खोली, आणि मुंबईच्या लीगमध्ये खेळायला. अकरा पोरं गेली होती अशी.

मॅच बघायची त्याची पद्धत वेगळी होती. गॅलरीत कधी बसायचा नाही. काखेत एक गोणपाट असायचं, ते आमच्याच गोलच्या मागं अंथरायचा आणि तिथं बसायचा, जाळीतनं बॅकच्या पाठी बघत. बॉल तिकडं लांब असला, सगळं पब्लिक तिकडं बघून बोंबलत असलं, तरी हा आपला बिनबॉलच्या पोरांचे पाय बघत बसायचा. हाफटाइमनंतर टीम बाजू बदलतात, तेव्हा हा पण उठायचा, गोणपाट झटकायचा आणि लंगडत लंगडत सगळ्या मैदानाला वळसा घालून पुन्हा आमच्या गोलमागं. गॅलरीतली पोरं म्हणायची, आला, बुरूजवाड्याचा बारावा बॅक आला.

कासऱ्याला आम्ही दोघं होतो. मी आणि इब्या. इब्राहिम बारगीर. त्याच्या वडलांचं सायकल पंक्चरचं दुकान, हा तिथंच बसायचा. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा आणि दिवसभरात वीस शब्द बोलणार. माझी पाळी झाली की त्याची. आणि त्याच्या कमरेला बांधला की कासरा असा मधनं लोंबायचा, जसा काय कपडे वाळत घालायला बांधलाय. समोरनं कोणी कसंही येऊ दे, इब्या दोन पावलं मागं, एक पाऊल बाजूला, आणि बॉल त्याच्या पायात. मला ते बघून कंटाळा यायचा.

"बघ त्याचं," तात्या मला म्हणायचा. "बॉल येणारच हाय. तुला जायची गरज न्हाई."

माझ्या पोटावर लाल वळ उठायचे. पहिल्या महिन्यातच मी इतक्या जोरात गेलो की कासरा तुटला. तात्यानं दोन्ही टोकं घेऊन गाठ मारली. कासरा वीतभर आखूड झाला. दुसऱ्या वर्षी परत तुटला, आणि त्याच पावसाळ्याच्या तोंडाला तिसऱ्यांदा. मी म्हणालो, तात्या, नवा आणा की. तो म्हणाला, हाच बरा हाय. गाठ मारताना तो दोरी डोळ्याजवळ धरून कुठनं तुटली ते बघायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याला दिसत नसंल.

खरं सांगायचं तर मुंबई मला पाहिजेच होती. कुणाला नको? पण तेवढंच नव्हतं. अकरा पोरं गेली होती आणि तात्या त्यांची नावं घेताना "माझा विलास", "माझा गुंडा" असं म्हणायचा. माझ्याबद्दल तो कुणाजवळ कधी काही बोलला असंल तर मला माहीत नव्हतं. मला ते एकदा ऐकायचं होतं. माझा दौलत. त्यासाठी मी दोन वर्षं म्हस झालो होतो.

त्या सीझनला जानेवारीतच तात्यानं दोघांना सांगितलं, की ह्यावर्षी तुमच्यातला एक. सेमीफायनल बघतो आणि कार्ड टाकतो.

सेमीफायनल दक्षिण वेस तालमीबरोबर होती. गॅलरी फुल्ल. त्यांचा सेंटर फॉरवर्ड राजू काटकर, पेठेत त्याला काट्या म्हणायचे. पायापेक्षा जिभेनं खेळणारा. कासऱ्याची गोष्ट त्याला कुठनं तरी कळलेली. पहिल्या मिनिटापासनं माझ्या कानाशी. म्हस सुटली काय रे आज. दावं कुठाय. दूध काढलं का सकाळी. मी एरवी दुसऱ्या मिनिटाला त्याचा गळा धरला असता. पण मागं जाळीपलीकडं गोणपाटावर तात्या बसला होता. पाठीवर त्याची नजर मला कळत होती. मी जागेवर उभा राहिलो. ऐंशी मिनिटं दात आवळून उभा राहिलो आणि काट्याला एकदा पण आत जाऊ दिलं नाही. माझ्या आयुष्यात मी एवढा गप्प कधी नव्हतो.

शून्य-शून्य. दहा मिनिटं राहिलेली. काट्यानं बॉल घेतला, मी तो त्याच्या पायातनं काढला, आणि मान वर केली.

लेथवर काम करणाऱ्याला एक सवय लागते. लोखंड फिरत असताना त्याच्यावर एक चमक दिसते, जिथं ती हलते तिथं लोखंड वाकडं. मापायला लागत नाही, दिसतंच. तसं दिसलं मला. त्यांचे मधले दोन्ही हाफ पुढं आलेले, डावीकडचा बॅक पब्लिककडं बघून हात करत होता, आणि मधनं सरळ त्यांच्या गोलपर्यंत एक रस्ता. रिकामा. मला पास द्यायला पाहिजे होता. आमचा हाफ हात वर करून मागत पण होता.

मी गेलो.

दहा पावलं, वीस पावलं. पोटावर हिसका बसला नाही त्याचं मला नवल वाटलं, हे मला अजून आठवतंय. एकाला उजवीकडनं काढला, एकाला डावीकडनं. गोलकीपर पुढं आला तेव्हा मी त्याचे पाय बघितले, दोन्ही पाय जवळ होते, म्हणजे तो आता बाजूला झेपावू शकत नव्हता. मी बॉल त्याच्या बाजूनं नुसता ढकलला.

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आवाजच आवाज. पोरं गॅलरीतनं उड्या टाकून आत आली, मला खांद्यावर घेतलं, कुणीतरी माझ्या केसात गुलाल चोळला. खांद्यावरनं मी आमच्या गोलकडं बघितलं. माझ्या जागेवर इब्या उभा होता. मी निघाल्याबरोबर तो सरकून तिथं आला होता, कुणी न सांगता. आणि त्याच्या मागं, जाळीच्या पलीकडं, तात्या उभा होता. तात्या मॅचमध्ये कधी उभा राहत नसे. गुडघ्यामुळं त्याला उठायला खांब धरायला लागायचा. दोन्ही हातांनी जाळी धरून तो माझ्याकडं बघत होता. मग टोपी काढली, परत घातली आणि खाली बसला.

मॅच आम्ही एक-शून्यनं काढली. मला वाटलं, झालं माझं काम.

बुधवारी इब्या मामाच्या वर्कशॉपमध्ये आला. लेथचा आवाज चालू होता म्हणून मी मशीन बंद होईपर्यंत तो थांबला.

"तात्यानं कार्डावर माझं नाव घातलंय," तो म्हणाला. "तुला दुसऱ्याकडनं कळाय नको म्हणून आलो."

माझ्या हातात पाना होता, तो मी भिंतीवर मारला. इब्या हलला नाही. मामा आतनं ओरडला, अरे पाना कुणाच्या बापाचा हाय. मी ॲप्रन काढून फेकला आणि तसाच काळ्या हातांनी तात्याच्या घरी गेलो.

दुपारची वेळ. अंगणात तात्याची बायको, आमची काकी, कुरडया वाळत घालत होती. मला बघून म्हणाली, "ये की दौलत. पाय जपून टाक, तुझ्या पायाखाली येतील." मी सरळ घरात शिरलो. तात्या सोप्यात भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत बसला होता. खुंटीला कासरा लटकलेला.

मी काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. दोन वर्षं मला जनावरागत बांधलंत, म्हणालो. मॅच मी काढली आणि कार्ड त्याच्या नावाचं. आणि मग जे बोलायचं नव्हतं ते बोललो.

"तुम्हाला गोल मारणारा बघवत न्हाई. अठरा वर्षांत तुमच्याच्यानं एक झाला न्हाई म्हणून."

अंगणात काकीचा हात थांबला. तात्या तेल चोळायचा थांबला नाही.

"ते बी खरं असंल," तो म्हणाला. मग गुडघ्यावरनं मान वर करून, "मी उभा राहिलो ते बघितलंस?"

"बघितलं. शिव्या द्यायला उठला असाल."

"कधी उठलो?"

"गोल झाल्यावर."

"न्हाई." त्यानं मान हलवली. "तू काट्याकडनं बॉल काढून मान वर केलीस नव्हं, तेव्हाच उठलो. तुझं अजून पाऊल उचलायचं होतं. मला तिथनं दिसला तो रस्ता. तुला दिसायच्या आधी न्हाई, तुला दिसल्यावर. तुझ्या मानेवरनं कळलं. आणि मी काय म्हणालो ठावं हाय? जा म्हणालो. माझ्या तोंडातनं आलं. साठ वर्षांचा बॅक मी, आणि बॅकला म्हणतोय जा."

तो हात टेकून उठला, खुंटीवरनं कासरा काढला आणि माझ्यापुढं धरला. मी धरला नाही तेव्हा त्यानं माझा काळा हात ओढून त्याच्यावर ठेवला.

"गाठी मोज."

"तीन हाईत."

"कुणाच्या?"

"माझ्याच. सगळ्या माझ्या."

"इब्याची एक बी न्हाई. दोन वर्षांत त्याचा कासरा कधी ताणला न्हाई. तुझा तीनदा तुटला, आणि मी गाठी मारत बसलो. वाटायचं पोरगं शिकालंय. तू शिकत नव्हतास दौल्या, तू ओढत होतास." तो परत भिंतीला टेकला. "मला पोरगं दिसलं की बॅकच दिसतो. दुसरं काय दिसतच न्हाई. उभा जन्म जाळीच्या ह्या अंगाला बसलो की मी. चूक माझी हाय. चुकीचं जनावर बांधलं."

"मग फॉरवर्ड म्हणून पाठवा की."

"माझ्या कार्डावर ते बॅकच घेत्यात. फॉरवर्ड हेरणारा माणूस वेगळा हाय. लिहितो त्याला. येईल पुढच्या सीझनला, न आला तर मी काय करू? पण तुला बॅक म्हणून पाठवला ना, तर तिथं ते तुला परत बांधतील. मी बांधला त्यापेक्षा घट्ट. आणि तू उभा राहशील बी. ऐंशी मिनिटं राहिलास की परवा. मी बघत होतो."

मग त्यानं उशीखालनं एक पोस्टकार्ड काढलं. माझ्या हातात दिलं आणि दुसरीकडं बघायला लागला. तारीख शनिवारची, म्हणजे मॅचच्या आदल्या दिवशीची. त्याचं अक्षर मोठं, शाळेतल्या पोरासारखं.

दौलत पोवार. बॅक. जागा सोडत नाही.

"मॅच बघितल्यावर टाकणार होतो," तो म्हणाला. "माझा दौलत म्हणून सांगून पण ठेवलं होतं साहेबाला."

मी कार्ड घेऊन बाहेर आलो. काकीनं हाक मारली ती ऐकू आली, पण थांबलो नाही. माझा पाय कुरडयांवर पडला.

रविवारी फायनल. पब्लिकनंच गोंधळ घातला म्हणून आमच्या मॅनेजरनं मला पुढं, सेंटर फॉरवर्डला घेतलं. मैदानात उतरल्यावर मी सवयीनं आमच्या गोलमागं बघितलं. गोलपुढं इब्या उभा होता, आणि जाळीमागं कुणी नव्हतं. मला वाटलं, आला नाही. माझ्या बोलण्यानं आला नाही. पंधरा-वीस मिनिटं मला बॉल कुठला आणि गवत कुठलं कळत नव्हतं. मग एक कॉर्नर मिळाला, मी त्यांच्या गोलपाशी गेलो, आणि बघतो तर जाळीच्या पलीकडं गोणपाट. गोणपाटावर तात्या. शेंगा खात बसलेला. मला वाटलं, इकडं ऊन कमी असंल.

हाफटाइम झाला. सगळी पोरं पाण्याला धावली. मी बाटली तोंडाला लावली आणि बघितलं, तात्या खांब धरून उठला, गोणपाट झटकलं, काखेत घेतलं आणि चालायला लागला. आता आम्ही बाजू बदलणार होतो. तो तिथंच बसून राहिला असता तर आमच्याच गोलमागं आला असता, नेहमीसारखा. पण तो चालत निघाला, लंगडत, सगळ्या मैदानाला वळसा घालून. गॅलरीतनं कुणीतरी ओरडलं, तात्या, वाट चुकली काय, तुमचा गोल तिकडं. तो थांबला नाही. पोचला आणि ज्या गोलात मी मारणार होतो त्या गोलच्या मागं गोणपाट अंथरून बसला.

सत्तराव्या मिनिटाला बॉल मला मिळाला. एकटा. समोर फक्त गोलकीपर, आणि त्याच्या मागं, जाळीतनं, तात्या. तो उठला होता. मी बघितलं त्याचं तोंड हललेलं. मी पळालो, आणि बरोबर मारायच्या वेळेला माझं पाऊल अडलं. कुठं काय नव्हतं. कमरेला काही नव्हतं. पण अर्धा श्वास मी थांबलो. बॉल खांबाला लागून बाहेर गेला, आणि जाळीच्या बाजूनं गडगडत तात्याच्या पायाशी जाऊन थांबला.

त्यानं तो उचलला. गुडघ्यामुळं वाकायला वेळ लागला. अंगठ्यानं चिखल पुसला आणि माझ्याकडं फेकला.

"परत," एवढंच म्हणाला.

परत बॉल आला नाही. आम्ही एका गोलनं हरलो. सोमवारी सकाळच्या एसटीनं इब्या मुंबईला गेला, तात्या त्याला पोचवायला बरोबर गेला आणि तिकडंच लेकीकडं राहिला. मी स्टँडवर गेलो नाही. मला राग होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं. पंधरा दिवसांनी काकीला पण लेकीकडनं बोलावणं आलं, तात्याला तिथंच अर्धांगाचा झटका आला म्हणून. जाताना ती कासरा आमच्या घरी देऊन गेली. तात्या अजून लेकीकडंच आहे, ठाण्याला. इब्या रविवारी जाऊन भेटतो. त्यानं लिहिलं होतं, बोलणं कळत नाही, पण दौल्या म्हटलं की बघतात. फॉरवर्ड हेरणारा माणूस आला नाही. दोन वर्षं मी वाट बघितली, मग कळलं, कंपनीनं टीमच बंद केली.

मी आता पुढंच खेळतो. गेल्या सीझनला अकरा गोल मारले. पेठेत लोक नावानं ओळखतात, काट्या पण हात मिळवतो. प्रत्येक गोलला पोरं अंगावर पडतात आणि मी त्यांच्या मधनं मान काढून जाळीच्या पलीकडं बघतो. तिथं शेंगावाले असतात, बारकी पोरं असतात.

हाफटाइमला सगळे पाण्याला पळतात. मी बाटली हातात घेऊन उभा राहतो, आणि गोणपाट काखेत मारून कुणी मैदानाला वळसा घालत ह्या टोकाला येतंय का, ते बघत बसतो.